मग?

मी ३४ वर्षं सरकारी टेबलामागे बसून लोकांचे अर्ज परत केले. जन्मतारीख अक्षरी लिहायची राहिली, परत. जोडपत्र ‘ब’वरची सही हिरव्या शाईत, परत. वडिलांचं नाव अर्जात गणपत आणि रेशनकार्डावर गणपतराव, परत. या सगळ्या मंडळींचे तळतळाट जातात कुठं, हा विचार तेव्हा कधी मनात आला नाही. निवृत्त झाल्यावर कळलं. ते बोइंग ७३७ विमानाच्या एफएमसी नावाच्या यंत्रात जाऊन बसतात.

झालं असं, की मी निवृत्त झालो त्या आठवड्यात चिरंजिवांनी एक दणकट संगणक आणि त्याच्या पोटात एक विमान, म्हणजे सिम्युलेटर, आणून दिलं. “बाबा, तुम्हाला लहानपणी पायलट व्हायचं होतं ना?” व्हायचं होतं. पण चौथीत चष्मा लागला, आणि पुढे वडिलांनी लोहगावच्या विमानतळाऐवजी टायपिंगच्या क्लासला घातलं. विमानाचं हँडल आता हिच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळून बसवलंय. मी हवेत असलो की घरातलं पिको-फॉल बंद.

माझी समजूत अशी होती, की इंजिन सुरू करायचं, दांडा पुढे ढकलायचा आणि निघायचं. आजकालची विमानं असल्या उनाडपणाला परवानगी देत नाहीत. चाक हलण्याआधी अर्ज भरून हवा. कुठून निघालात, कुठं जाणार, कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, वजन किती, बाहेर ऊन किती, पोचल्यावर टाकीत किती उरलं पाहिजे. हे सगळं ज्याच्यात भरायचं ते एफएमसी, म्हणजे फ्लाइट मॅनेजमेंट कम्प्युटर. पडदा पोस्टकार्डाएवढा, दोन्ही बाजूंना सहा-सहा बटणं, खाली अक्षरं. पुणे ते नागपूर हवेतला प्रवास तासाभराचा. अर्ज भरायला मला पावणेदोन तास लागतात. त्यात चहा धरलेला नाही.

पहिला धक्का अक्षरांनीच दिला. इंग्रजी टायपिंगची ४०ची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस. डोळे मिटून बोटं बरोबर पडतात. पण या यंत्रावर अक्षरं बालवाडीसारखी ओळीनं आहेत. ए, बी, सी, डी, ई, खाली एफ. चाळीस वर्षांचं कसब एका क्षणात मातीमोल झालं, आणि मी माऊसचा बाण हातात धरून ‘व्ही’ शोधत हिंडू लागलो.

दुसरा धक्का म्हणजे लिहिण्याची रीत. पडद्याच्या तळाशी एक रिकामी ओळ असते, मी तिला पाटी म्हणतो. आधी पाटीवर लिहायचं आणि मग बाजूचं बटण दाबून ते कुठं जायचंय हे सांगायचं. म्हणजे आधी सही, मग कागद. आमच्या कार्यालयात ही पद्धत होती, पण तोंडी होती.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत पुण्यासाठी ‘पीएनक्यू’ लिहिलं. विमानाच्या तिकिटावर तेच असतं. उत्तर आलं, ‘इनव्हॅलिड एन्ट्री’. प्रवाशांसाठी तीन अक्षरं आणि वैमानिकांसाठी चार, हे नंतर कळलं. पुणे म्हणजे व्हीएपीओ, नागपूर म्हणजे व्हीएएनपी. अर्ज बरोबर, नमुना जुना! हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल.

मग विमानाला सांगायचं, तू आत्ता उभं कुठं आहेस. त्याच्या पोटातली दिशायंत्रं जागी व्हायला दहाएक मिनिटं घेतात. तेवढ्यात त्याला जागचं हलवायचं नाही आणि अक्षांश-रेखांश द्यायचे. विमानतळाचे आकडे आयते उचलता येतात, पण मी हातानं भरतो. एन १८३४.९, ई ०७३५५.२. एका बैठकीत मी ०७३ऐवजी ०३७ लिहिलं आणि यंत्र कुरकुरलं. चिरंजीव हसले. मी त्यांना सिडनीची गोष्ट सांगितली, ती इथंही सांगतो, कारण ती आठवली की मला आपण एकटे नाही असं वाटतं.

१० मार्च २०१५. सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं खरं विमान, खरे प्रवासी, खरे कॅप्टन. कॅप्टनसाहेबांनी रेखांश हातानं भरला. भरायचा होता १५१०९.८, भरला गेला ०१५१९.८. एका आकड्याची जागा चुकली, आणि सिडनीत उभ्या असलेल्या विमानाची ठाम समजूत झाली, की आपण ११,००० किलोमीटरवर, केपटाऊनजवळ आहोत. यंत्रानं इशारे दिले, ते लक्षात आले नाहीत. उडाल्यावर गोंधळ सुरू झाला. दुरुस्त करायला गेले तर आणखी बिघडला. सिडनीला परतावं तर खाली ढग. शेवटी ते मेलबर्नला उतरलं. कुणाला काही झालं नाही. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी विभागानं रीतसर अहवाल काढला. अहवाल वाचताना मला अधूनमधून हसू येत होतं आणि आपल्याकडून गेलेले सगळे गणपतरावही आठवत होते.

आता वाट. वाटेचा कागद इंटरनेटवर फुकट तयार होऊन मिळतो. सिमब्रीफ नावाची सोय आहे. पुणे-नागपूर टाकलं की वारा, इंधन, पर्यायी विमानतळ यांच्यासकट पानंच्या पानं बाहेर पडतात. लग्नाच्या याद्यासुद्धा एवढ्या लांब नसतात. त्यातून हवाईमार्गांची आणि टप्प्यांची नावं उचलून यंत्रात भरायची: डाव्या हाताला मार्ग, उजव्या हाताला तो जिथं सोडायचा तो टप्पा. मी मन लावून एक नाव भरतो. पाटीवर उमटतं, ‘नॉट इन डेटाबेस’. साहेब रजेवर आहेत.

याचं कारण आकाशातले रस्ते दर २८ दिवसांनी अद्ययावत होतात, वर्षाला तेरा वेळा. एवढ्यात चंद्राचा महिनाही पुरता होत नाही. अमावास्येपासून अमावास्येला साडेएकोणतीस दिवस लागतात. कागद एका चक्राचा आणि विमानातली माहिती दुसऱ्या चक्राची असली, की कागदावरचा टप्पा विमानाच्या गावीच नसतो. नव्या चक्रासाठी वर्गणी भरावी लागते. ती मी किराणा या सदराखाली घालतो. सदर कोणतं हे हिला माहीत आहे, असा मला संशय आहे.

टप्प्यांच्या नावांना पाच अक्षरं असतात, आणि बहुतेकांना काही अर्थ नसतो. उच्चारता आली म्हणजे झालं. अमेरिकेत मात्र नाव ठेवणाऱ्याचं पोट भरलेलं नसावं. कॅन्सस सिटीच्या वाटेवर बार्बेक्यू, स्पायसी आणि रिब्स या नावांचे टप्पे आहेत. मी वहीत आपले काढून ठेवलेत. मिसळ इंग्रजीत बरोबर पाच अक्षरांत बसते. नागपूरकडे उतरताना सावजीही पाच अक्षरांत बसतो आणि तर्रीसुद्धा. कुणी विचारलं तर यादी तयार आहे.

उंचीचंही गणित आहे. पूर्वेला जाणाऱ्यानं विषम हजार फूट धरायचे, पश्चिमेला जाणाऱ्यानं सम. पुण्यातलं सम-विषम तारखांचं पी-वन, पी-टू पार्किंग ज्याला कळलं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नागपूर पूर्वेला, म्हणून मी ३३,००० टाकतो.

मग येतो कॉस्ट इंडेक्स. वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं हे गुणोत्तर. ७३७मध्ये ० ते ५०० काहीही भरा. शून्य भरलं की विमान वेळेला विचारत नाही, फक्त इंधन वाचवतं. आमच्या वडिलांचा कॉस्ट इंडेक्स जन्मभर शून्य होता. बसचे चार आणे वाचावेत म्हणून ते स्वारगेटहून शनिवार पेठेत चालत यायचे. पेन्शनर माणसाच्या वेळेला किंमत ती काय, म्हणून मीही शून्यच भरतो. हिचा मात्र माहेरी जाताना ५०० असतो आणि येताना शून्य. हिचं माहेर नागपूर, हे सांगायचं राहिलं.

वजनाचं पान मी भरभर उरकतो. “बिनइंधनाचं वजन किती?” असं मोठ्यानं पुटपुटलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून “कुणाचं?” असं आलं होतं.

या सगळ्यानंतर पानं चाळून वाट तपासायची, आणि तिथं या यंत्रानं खरा दावा साधलेला असतो. सरळ चाललेल्या यादीत मध्येच एक शब्द येतो: ‘देन’. म्हणजे मग. त्याच्यापुढे पाच रिकामे चौकोन आणि खाली शेरा, ‘रूट डिसकंटिन्युइटी’. वाट इथपर्यंत आहे, पलीकडेही आहे, मध्ये काय ते तुम्ही सांगा. यंत्र रागावत नाही, चूक दाखवत नाही. नुसतं बघत बसतं. मग? पाच चौकोन. साठी उलटेपर्यंत हा शब्द मला या सुरात एकाच व्यक्तीनं म्हटलेला आहे, आणि तेव्हाही माझ्याकडे चौकोनच होते.

उपाय सोपा असतो. पुढचा टप्पा उचलायचा, चौकोनांवर ठेवायचा, ‘एक्झेक’ लिहिलेलं बटण उजळतं ते दाबायचं. सही, शिक्का, जावक. पण कधी कधी ही फट मुद्दामही सोडतात, उतरायची दिशा ऐनवेळी वाऱ्यावर ठरते म्हणून. गेल्या रविवारी नागपूरच्या तोंडाशी मला असे चौकोन दिसले. मी ‘उतरताना बघू’ म्हणून पान उलटलं. ‘बघू’ या शब्दावर माझी अख्खी नोकरी गेली आहे.

चिरंजीव शेजारी उभे होते. म्हणाले, “बाबा, हे सगळं एका बटणानं भरता येतं. कागद थेट विमानात उतरतो.”

“मग मी काय करू?”

“विमान चालवा.”

या पिढीला कुठल्या गोष्टीत रस असावा हे कळत नाही. पुरणपोळी विकत मिळते म्हणून कुणी पुरण वाटायचं सोडतं का? (सोडतं. आमच्याकडेच सोडलंय. पण मुद्दा तो नव्हता.)

१२ वाजून १० मिनिटांनी लोहगाव सोडलं. विमान भरल्या अर्जाप्रमाणे आपलं आपण वळत, चढत गेलं. माझ्याकडे काही काम उरलं नाही. ३३,००० फुटांवर स्थिर झालो आणि पाटवड्यांच्या रश्श्याचा वास आला. उतार सुरू व्हायचा अंदाज मी तोंडी काढला होता: जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट सागरी मैल. ३३ त्रिक ९९, म्हणजे नागपूरच्या अलीकडे १८० किलोमीटर, कारंज्याच्या आसपास. तिथं विमान थांबवून ठेवायचीही सोय सिम्युलेटरमध्ये असते. ती मी बंद केलेली. खरे वैमानिक कारंज्यावर थांबतात का?

जेवताना ही माहेरी फोनवर बोलत होती. “आई, हे येऊन राहिले बघ तुझ्याकडे. विमानानं.”

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, “जेवायला थांबतील का?”

रस्सा झणझणीत होता. भात दुसऱ्यांदा घेतला. मग सुपारी, आणि सुपारीनंतर जरा पाठ टेकली. उतरायचं असेल तर उंचीची चकती आधी हातानं खाली फिरवून ठेवावी लागते. अर्जात कितीही लिहा, त्या चकतीच्या परवानगीशिवाय विमान एक फूट खाली येत नाही. ती फिरवायची राहिली, हे मला पाठ टेकल्यावर आठवलं. झोपमोड करण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नाही.

“अहो, उठा. तुमचं नागपूर गेलं.”

धावत गेलो. पाटीवर ‘रीसेट एमसीपी ऑल्ट’, म्हणजे उंचीची चकती फिरवा, अशी सूचना होती, कारंज्यापासून कोण जाणे किती वेळ. उंची ३३,०००. नागपूरच्या डोक्यावर वाट संपली, पाच चौकोन आले, आणि पुढचा आदेश नसल्यामुळे विमानानं कुठल्याही नेक कर्मचाऱ्यासारखं केलं: होतं त्या दिशेनं ते चालत राहिलं. सोनेगावचा विमानतळ ३०० किलोमीटर मागे पडला होता. उजव्या हाताला बिलासपूर.

“माझ्या माहेरी जायचं म्हटलं की बरं उतरत नाही तुमचं विमान,” ही म्हणाली. फोन अजून हातात होता. “काय करून राहिले हो तुम्ही? मग?”

पडद्यावरही तेच लिहिलेलं होतं. मी पाटीवर लिहायला ‘व्ही’ शोधू लागलो.

तिनं फोन कानाला लावला. “आई, हे पुढे निघून गेले. छत्तीसगडात.”

पलीकडून सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. “असू दे. जावईबापूंना म्हणा, येताना थांबा. रस्सा ठेवते.”