‘सतार शिकून पोट भरत नाही’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात तोच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातले एक माझ्या विद्यार्थिनीचे वडील. मुलगी यंदा दहावीला आहे, तीन वर्षं सतार शिकतेय, हात गोड आहे. मेसेजखाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं, “सर, हे खरं आहे का?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सतार, सरोद, सारंगी, व्हायोलिन हे घराण्यात जन्मलेल्यांचं काम. राजाश्रय होता तोवर या लोकांचं बरं चाललं, संस्थानं गेली आणि ते रस्त्यावर आले. खरे कलावंत नोकरी किंवा सिनेमाच्या वाटेला गेले नाहीत. रविशंकर मोठे झाले ते बीटल्समुळे. रोज अठरा तास रियाज जमणार नसेल तर सुरुवातच करू नये. आणि शेवटी सल्ला, की मुलांना या नादी लावू नका.

मी पंचवीस वर्षं सतार शिकवतोय. त्या वडिलांना ‘खरं नाही’ एवढं कळवून भागलं नसतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“घराण्यात जन्म लागतो.” सतारवादक रविशंकर यांचे वडील बॅरिस्टर होते, झालावाड संस्थानचे दिवाण होते. मुलगा थोरल्या भावाच्या, उदय शंकर यांच्या नृत्यमंडळीत नाचत जग फिरला आणि मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे तालमीला बसला तो १९३८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. मुंबईच्या झरीन दारूवाला पारशी कुटुंबातल्या, आणि नाव झालं सरोदमध्ये. अरविंद पारीख अहमदाबादच्या व्यापारी घरातले. मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय सांभाळून त्यांनी सतारवादक विलायत खाँसाहेबांची तालीम घेतली आणि पुढे कितीतरी जणांना दिली.

उलट ज्यांचा जन्म घराण्यात झाला त्यांना तरी सगळं ताटात वाढून मिळालं का? वडील इनायत खाँ गेले तेव्हा विलायत खाँ जेमतेम दहा वर्षांचे होते. पुढची तालीम आजोळी, आजोबा आणि मामांकडून झाली. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी तर साक्षात बाबा अल्लाउद्दीन खाँची मुलगी. पण थोरल्या मुलीला गाण्यापायी सासरी जाच झाला म्हणून धाकटीला शिकवायचंच नाही, असं बाबांनी ठरवलं होतं, असं सांगतात. भाऊ शिकत असताना ऐकून ऐकून तिनं ते उचललं, बाबांच्या कानावर पडलं, मग तालीम सुरू झाली. घर तेच होतं, तरी मुलीसाठी दार बंद होतं. जन्मावर सगळं ठरतं म्हणणाऱ्यांनी या गोष्टीपाशी थोडं थांबावं.

“राजाश्रय गेला आणि सगळं संपलं.” संस्थानं गेल्यानं अनेक वादकांचा आधार तुटला, हे खरंच आहे. पण बाबांचे चिरंजीव, सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचंच पाहा. ते जोधपूरचे दरबारी वादक. त्याआधी-नंतर म्हणाल तर लखनौ आकाशवाणीवर त्यांनी काम केलं, १९५२ साली ‘आँधियाँ’ या हिंदी चित्रपटाला संगीत दिलं, १९५६ साली कलकत्त्यात संगीत महाविद्यालय काढलं आणि १९६७ साली कॅलिफोर्नियात दुसरं. एकाच माणसानं दरबार, रेडिओ, सिनेमा आणि शिकवणी या चारही ठिकाणी काम केलं, आणि यातल्या कुठल्याच कामानं त्यांचा सरोद उणा झाला नाही.

“खरे कलावंत नोकरी आणि सिनेमाच्या वाटेला गेले नाहीत.” या वाक्याचा मला मनापासून राग आला. वाचल्या वाचल्या सारंगीवादक पंडित रामनारायण आठवले.

सारंगी ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हाताची बोटं तारेवर दाबायची नसतात. नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिनं तारेला बाजूनं टेकायचं आणि सरकत राहायचं. मुख्य तारा तीन, आतड्याच्या. त्यांच्याखाली तीस-पस्तीस तरफा, म्हणजे आपोआप निनादणाऱ्या बारीक तारा, आणि त्या सगळ्या प्रत्येक रागाला नव्यानं लावायच्या. एवढं अवघड वाद्य, पण जागा कायम गवयाच्या मागं. रामनारायण १९४४ साली लाहोर आकाशवाणीत सारंगीवादक म्हणून नोकरीला लागले. फाळणीनंतर दिल्ली केंद्रावर आले. साथीतच अडकून पडलो असं वाटू लागलं तेव्हा १९४९ साली त्यांनी मुंबई गाठली आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवू लागले. १९५४ साली कावसजी जहांगीर हॉलमध्ये (आज तिथं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे) एकल सारंगी वाजवायला बसले, तर श्रोत्यांनी त्यांना वाजवू दिलं नाही. लोकांना पुढचे नामवंत कलाकार हवे होते. मनानं इतके खचले, की सारंगी सोडून गाण्याकडे वळावं असंही त्यांच्या मनात आलं. १९५६ साली ते पुन्हा एकल वाजवायला बसले, आणि या वेळी लोकांनी ऐकलं. पुढे जगभर सारंगीचं नाव झालं, २००५ साली पद्मविभूषण मिळालं.

लाहोरपासून १९५६ पर्यंत बारा वर्षं होतात. त्या काळात घर कशावर चाललं? रेडिओच्या पगारावर आणि स्टुडिओच्या पैशावर. तो पैसा नसता तर १९५४ नंतर पुन्हा मंचावर बसायला ते उरले असते का, हा विचार मेसेज लिहिणाऱ्यानं करायला हवा होता.

रविशंकरही १९४९ ते १९५६ दिल्ली आकाशवाणीत नोकरीला होते. व्हायोलिनवाले व्ही. जी. जोग यांची कितीतरी वर्षं आकाशवाणीत गेली. गोव्याकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीचं व्हायोलिन शिकलेले. मुंबईत येऊन त्यांनी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलं, संगीत संयोजन केलं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. सिनेमातूनच जम बसलेल्या या माणसानं १९५८ साली स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि आपले राग त्यात बांधून सादर केले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातलं ते नाव याच गुरूंचं आहे.

“रविशंकर मोठे झाले ते बीटल्समुळे.” बीटल्स या इंग्लिश बँडमधला जॉर्ज हॅरिसन त्यांना भेटला १९६६ साली. त्याच्या दहा वर्षं आधी रेडिओची नोकरी सोडून ते युरोप-अमेरिकेत मैफली करू लागले होते. ‘पथेर पांचाली’चं संगीत १९५५ चं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६२ चा. हॅरिसनमुळे तरुण पोरांची गर्दी वाढली, यापलीकडे या मुद्द्यात काही नाही.

“अठरा तास रियाज.” मैहरची तालीम कडक होती, त्याबद्दल वाद नाही. पण आकडा सांगणाऱ्यांनी बोटं पाहिलेली नसतात. नवा विद्यार्थी सलग दोन तास मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) खेचत बसला, तर तर्जनीला तारेची चर पडते आणि तिसऱ्या दिवशी कातडी फाटते. मग आठवडाभर वाद्याला हात लावता येत नाही. घट्टा हळूहळूच पडू द्यावा लागतो. रियाज म्हणजे काय हे मला एकदा मिरजेत कळलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. माझ्या सतारीची जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठभागामुळे तारेला येणारी झणकार, बसली होती. कारागिरानं घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढली, कानशीचे दोन हात फिरवले, घोडी परत बसवली, बाजाची, म्हणजे मुख्य, तार छेडली आणि डोळे मिटून ऐकलं. पुन्हा काढली, एक हात, पुन्हा ऐकलं. दुपारभर हेच चाललं होतं. त्यातला कानस चालवण्याचा वेळ पाच मिनिटंही नसेल, बाकी सगळा वेळ ऐकण्यात गेला. तेव्हापासून मी मुलांना तास मोजायला सांगत नाही.

आता मेसेजमधलं जे खरं आहे तेही सांगतो. साथीदाराचं मानधन आजही लाज वाटावी इतकं कमी असतं. एका मंडळानं मला ठरलेले पैसे चौदा महिन्यांनी दिले, तेही निम्मे. म्हातारपणी नोकरदारासारखं पेन्शन नाही. २०२० साली मैफली बंद पडल्या तेव्हा माझ्या ओळखीच्या एका व्हायोलिनवादकानं घर चालवायला किराणा पोचवण्याचं काम केलं. या गोष्टींवर कुणी मेसेज लिहिला, तर मी स्वतः शंभर जणांना पाठवीन.

मुलीच्या वडिलांना मी हे सगळं कळवलं आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. तिला काय शिकायचंय ते शिकू दे, कॉलेजची पदवी घेऊ दे, नोकरी करावीशी वाटली तर करू दे. सतार तिच्या सोबत राहील. त्यांचं उत्तर रात्री आलं: “शनिवारी पाठवतो. चिकारीची तार तुटलीय, दोन नंबरची आणायची की तीन?”