हिशेबात न धरलेलं काम

सिलिकॉन व्हॅलीतल्या कुटुंबांच्या रोजच्या धावपळीच्या अभ्यासावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे चार्ल्स डॅरा, जॅन इंग्लिश-ल्यूक आणि जेम्स फ्रीमन हे मानववंशशास्त्रज्ञ नुसत्या प्रश्नावल्या भरून घेऊन थांबले नाहीत, १४ कुटुंबांबरोबर घरी, कामावर सगळीकडे फिरले. म्हणूनच त्यांना घरातल्या सगळ्यांच्या वेळा जुळवण्याचं, कुणाच्या हिशेबात नसलेलं काम दिसलं. आम्हीही तिथेच, सनीवेलला राहतो. रविवारी रात्री दोघांची कॅलेंडरं शेजारी ठेवून लेकीला पोहण्याहून कोण आणणार ते ठरतं, आणि सोमवारी एक मीटिंग पुढे सरकली की सगळी घडी विस्कटते. मग फोनाफोनी करायची ती बहुतेक वेळा मीच. लेखात या जुळवाजुळवीला एकच वाक्य मिळालंय, ते फार कमी वाटलं. यावर सविस्तर लिहाच.