सिंहगड चढलो, वजन काही उतरेना

मिल्याची तक्रार अशी की दर रविवारी सिंहगड, मध्ये दोन-तीन दिवस तळजाईच्या टेकडीवर पळणं, आणि तरी वजनकाटा ढिम्म. उपायही त्यानेच काढला होता. आता रोज दीड तास पळायचं.

"पळ की. पण आधी हिशेब कर," सुहास म्हणाला. तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे कट्ट्यावरच्या कुठल्याही भांडणाचं गणित झाल्याशिवाय राहत नाही. त्याने दाण्यांच्या पुडीचा कागद उलगडला. "तुझं वजन 80 किलो. पायथ्याच्या आतकरवाडीतून वरपर्यंतचा चढ 600 मीटर धरू. एमजीएच, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. 4 लाख 70 हजार ज्यूल, म्हणजे 112 किलोकॅलरी."

"एवढ्याच? जीव जातो रे चढताना!"

"थांब. स्नायूंना दिलेल्या ऊर्जेतला पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चौपट कर. साडेचारशे. उतरायचे थोडे वर. आता गडावर काय खाल्लंस ते सांग."

मिल्या पानवाल्याकडे बघायला लागला. मग कबुलीजबाब आला: पिठलं, दोन भाकऱ्या, कांदाभजी एक प्लेट (दुसरी 'सगळ्यांत मिळून'), मडक्यातलं दही.

"दोन भाकऱ्यांतच तुझा चढ निम्म्याहून जास्त परत आला," रश्मी म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. "आणि भज्यांतलं तेल ग्रॅमला 9 किलोकॅलरी. पुढचं मी बोलत नाही."

माझं मत विचाराल तर गडावर जाऊन भजी न खाणारा माणूस संशयास्पदच. फक्त ती खाऊन वर काट्याला शिव्या घालू नयेत.

मिल्याने मनगट पुढे केलं. "हे बघ. घड्याळ 900 दाखवतंय."

"त्यातले ठोके बघ, कॅलरी सोड," सुहास म्हणाला. "2017 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोके बहुतेकांचे ठीक होते. कॅलरीत मात्र सगळ्यांत बऱ्या यंत्राची चूक सरासरी 27 टक्के निघाली, सगळ्यांत वाईटाची 93."

बंड्या इतका वेळ गप्प होता. त्याला कारण होतं. टी-शर्टाखाली त्याने पोटाला घाम काढायचा पट्टा बांधला होता, आणि तो चरचर वाजत होता. रश्मीने तो ऐकलाच.

"अगं, पळून आलो की एक किलो कमी भरतो मी!"

"पाणी गेलं तुझं. दोन तांबे प्यालास की परत येईल. आणि पोट गुंडाळलं म्हणून पोटाचीच चरबी जात नाही. 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही दंड मोजले होते. खेळायचा हात जाडजूड स्नायूंचा, पण त्वचेखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. एवढी वर्षं एकाच हाताने खेळून जमलं नाही, ते तुझा पट्टा करणार?"

"मग ट्रेडमिलवर फॅट-बर्न झोन लिहिलेलं असतं ते? आमचा ट्रेनर म्हणतो, हळूच चाल."

"हळू चालताना जळणाऱ्यात चरबीचा वाटा मोठा असतो, हे खरं. पण तेवढ्याच वेळात एकूणच कमी जळतं. आणि व्यायामात काय जळलं याला एवढं महत्त्व नाही. दिवसभराची जमा-खर्चाची वही बघायची."

तरी मिल्याचं पालुपद तेच: पळणं वाढवलं की खर्च वाढणार. यावर सुहासने हाद्झांची गोष्ट काढली. टांझानियातले हे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. पुरुष दिवसाला सरासरी 11 किलोमीटर चालतात. हर्मन पाँट्झर हे संशोधक आणि सहकाऱ्यांनी त्यांना खास समस्थानिकांचं (नेहमीपेक्षा जड अणूंचं) पाणी पाजून, लघवीचे नमुने घेऊन रोजचा खर्च मोजला. 2012 मध्ये निष्कर्ष आला, तो असा की शरीराचा आकार जमेस धरला तर त्यांचा दिवसाचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच. शरीर बाकीच्या कामांत काटकसर करतं, असं पाँट्झर म्हणतात.

"म्हणजे पळूच नको?" मिल्या उखडलाच.

"सगळंच वाचत नाही रे, थोडा खर्च वाढतोच," रश्मी म्हणाली. "पण तू पळतोयस ते चुकीच्या कारणासाठी."

आणि अण्णांकडे वळून तिने विचारलं, "तुम्ही कंडक्टर होतात ना?"

अण्णा पीएमटीतून, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या शहर बससेवेतून निवृत्त झालेले. "होतो. का?"

मग तिने लंडनच्या बसचं सांगितलं. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की डबलडेकरचे कंडक्टर आणि ड्रायव्हर यांत हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. एक दिवसभर जिन्यावर वर-खाली, दुसरा दिवसभर बसून. लोक म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. तर मॉरिसनी गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली! ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण गंमत पुढे आहे. सडपातळ असो वा पोट सुटलेला, कंडक्टरला अचानक मृत्यूचा धोका तशाच अंगाच्या ड्रायव्हरपेक्षा कमीच होता.

"आमच्या गाडीला जिना नव्हता, पण स्वारगेटच्या गर्दीतून पुढून मागं जाऊन दाखवा म्हणावं," अण्णा खूश होऊन म्हणाले.

"तेच तर. वजन हललं नाही तरी हृदय, साखर, यकृतातली चरबी यांवर फरक पडतो. काट्याला तो दिसत नाही."

"मिल्या, तू खाणं आवर," असं म्हणत सुहासने कागद चुरगळला. तो शिडशिडीत, त्यामुळे असं बोलणं त्याला परवडतं.

"तू फार बोलू नकोस," रश्मी म्हणाली. "आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. हे त्यांनी स्वतःच 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फोटोसकट छापलं. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं, असंही लिहिलं. आपल्याकडचे बारीक लोक असेच फसतात. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी. पळा, पण आठवड्यातून दोनदा वजनंही उचला, आणि ताटात उसळ वाढवा."

शेजारच्या टेलरकडून बंड्याने टेप आणली. मिल्याचे 101 भरले, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मग सुहासला उभं केलं. 92.

"शर्टावरून धरलीस," सुहास म्हणाला.

बंड्याने शर्ट वर करून पुन्हा मोजलं. तरी 92च.

"टेपच खराब आहे," सुहास म्हणाला, आणि टेलर दुकानातून उठून बाहेर आला.