वेदरफील्डचा फेरफार

तलाठी म्हणून एकतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला नातेसंबंधांची गुंतागुंत सांगून घाबरवता येत नाही, अशी माझी समजूत होती. दोन बायका, पाच मुलगे, एक दत्तक पुतण्या आणि वाटणीच्या दिवशीच मुंबईहून उगवणारी बहीण, असल्या कुटुंबांच्या वारसनोंदी मी मान वर न करता घातलेल्या आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडमधल्या सॅलफर्डला तीन महिने राहायला गेलो आणि पहिल्याच सोमवारी रात्री आठ वाजता ही समजूत निकालात निघाली.

लेकीच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकट्याच राहत असत. त्यांनी कुंपणावरून विचारले, "कॉरी बघता का, लव्ह?" मी 'कोरी' असे ऐकले आणि मला चहा दुधाचाच लागतो, असे नम्रपणे कळवले. 'लव्ह' हे संबोधन त्या भागात बसचालकापासून भाजीवाल्यापर्यंत कोणालाही लावतात, हा खुलासा लेकीने संध्याकाळी केला. पण तोपर्यंत सौभाग्यवतींनी माझ्याशी बोलणे कामापुरते ठेवले होते.

कॉरी म्हणजे 'कोरोनेशन स्ट्रीट' ही ९ डिसेंबर १९६० पासून चालत आलेली ब्रिटिश टीव्ही मालिका. ती घडते वेदरफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, आणि हे गाव बेतलेले आहे सॅलफर्डवरच. एका रांगेत भिंतीला भिंत लागून असलेली विटांची घरे, एका टोकाला 'रोव्हर्स रिटर्न' हा पब आणि दुसऱ्या टोकाला किराणा दुकान, अशी तिची चतुःसीमा आहे. तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावांतली एक वाडीसुद्धा याहून मोठी होती. परंतु प्रेमात पडायला तेथील माणसांना एवढी जागा पुरून उरते. बाहेरून कोणी आलाच, तर तो आधी त्या रांगेत एक खोली भाड्याने घेतो आणि मगच पबमध्ये कोणाच्या तरी बायकोकडे पाहतो. त्यानंतर भांडण होते आणि दोघेही भरलेले प्याले तसेच टाकून तरातरा निघून जातात. पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी टाकून देणाऱ्यांचे संसार टिकणार तरी कसे, हा प्रश्न मला दर भागात पडत असे.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस मी आजींकडे हजर होऊ लागलो. मालिका चालू असताना बोलायचे नाही, जाहिराती लागल्या की आजींनी 'ब्रू' म्हणजे चहा टाकायचा आणि त्या पाच मिनिटांत माझी तोंडी परीक्षा घ्यायची, असा शिरस्ता पडला. "हिचा पहिला नवरा कोण?" यावर मी गप्प बसलो, की त्या बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेत. अखेर मी दोनशे पानी वही आणली, फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींचे, रकाने आखले आणि पेन्सिलीने नोंदी घालायला सुरुवात केली. पेन्सिल अशासाठी, की त्या गल्लीत शाईने लिहिणे म्हणजे खाडाखोडीला आमंत्रण होय.

एकट्या केन बार्लोने माझी चार पाने खाल्ली. हा गृहस्थ पहिल्या भागापासून तेथे आहे आणि त्याचे काम करणारे विल्यम रोच हेही पहिल्या भागापासून तेच आहेत. केनची पहिली बायको १९७१ साली केस वाळवण्याच्या यंत्राचा नादुरुस्त प्लग लावताना विजेच्या धक्क्याने गेली. दुसरीनंतर २७ जुलै १९८१ रोजी त्याने डीर्ड्रीशी लग्न केले, चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहाच्या बरोबर दोन दिवस आधी. १९८३ मध्ये डीर्ड्रीचे मन कारखानदार माईक बाल्डविनकडे ओढले गेले. सारा देश चिंतेत पडला आणि ती नवऱ्याकडेच राहणार हे ठरले, तेव्हा ती बातमी ओल्ड ट्रॅफर्डच्या फुटबॉल मैदानावर सामना चालू असताना फलकावर झळकली. येथवर माझी पेन्सिल शाबूत होती. परंतु १९८६ मध्ये त्याच माईकने केनच्या मुलीशी, सुझनशी लग्न केले! म्हणजे प्रेयसी ती सासू आणि वैरी तो जावई. अशा जमिनीला वारस कोण लावायचा, हे कोणत्याही मंडळ अधिकाऱ्याने मला सांगावे. पुढे केनचे स्वतःचेच पाऊल घसरले, घटस्फोट झाला आणि २००५ साली त्याने डीर्ड्रीशीच पुन्हा लग्न लावले, तेही चार्ल्स आणि कॅमिला यांच्या विवाहाच्या आदल्या दिवशी. राजवाड्यात मुहूर्त निघाला की केनचाही निघतो, असा शेरा मी समासात मारून ठेवला.

कोपऱ्यावरचे दुकान देव अलाहान या भारतीय वंशाच्या गृहस्थाचे आहे. तो पडद्यावर आला की आजी माझ्याकडे अशा अपेक्षेने पाहत, जणू त्याच्या वागणुकीचा जाब मीच द्यायचा आहे. मी प्रत्येक वेळी मान खाली घालून बिस्किट चहात बुडवीत असे.

निघायच्या दिवशी आजी दाराशी आल्या, माझा हात हातात धरून "टरा, लव्ह" म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. टॅक्सीत सौभाग्यवती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी माझ्या पिशवीतून ती वही काढली, पर्समधले पेन काढले, शेवटच्या कोऱ्या पानावर माझे संपूर्ण नाव ठळक शाईत लिहिले आणि 'इतर हक्क' या रकान्यात 'निरंक' अशी नोंद घालून खाली सही ठोकली.