चिमणी पडली, आता माणसांना विचारा

2023 च्या जूनमध्ये विमानतळासाठी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर अधूनमधून तेच भांडण पेटतं. ती चिमणी काही फार जुनी नव्हती, पण निमित्त पुरलं. एक गट म्हणतो, सोलापुरात काही टिकूच देत नाहीत. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या गेल्या, निदान एका गिरणीच्या जागेत संग्रहालय तरी करा. दुसरा गट म्हणतो, आधी रोज पाणी द्या, मग संग्रहालयाच्या गप्पा मारा. पाण्याचं म्हणणं खोडून काढायची माझी छाती नाही. मी राहतो त्या लास वेगासमध्ये वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि नळ चोवीस तास चालू असतो. पण या भांडणात दोन्ही गट इमारतींबद्दलच बोलतात. गिरणीत राबलेला माणूस दोन गल्ल्या सोडून ओट्यावर बसलेला आहे, त्याला काय आठवतं हे विचारायला कोणी जात नाही.

पाडापाडीत वेगासचा हात कोणी धरणार नाही. 1905 साली रेल्वे कंपनीने वाळवंटातले प्लॉट लिलावात विकले, तिथून हे गाव सुरू झालं. आणि जुन्याची माया म्हणाल तर ड्यून्स हॉटेल 1993 मध्ये उडवलं, सँड्स 1996 मध्ये, स्टारडस्ट 2007 मध्ये. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ट्रॉपिकाना पाडलं, तेव्हा तर आधी आतषबाजी आणि ड्रोनचा खेळ झाला. हे असलं शहर इतिहास काय जपणार, असं मलाही वाटायचं.

पण इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात 2003 पासून मौखिक इतिहासाचं केंद्र आहे. क्लेटी व्हाइट त्याच्या पहिल्या संचालक. तिथे हॉटेलांच्या खोल्या झाडणाऱ्या बायका, स्वयंपाकघरातले कामगार, पत्ते वाटणारे, वादक यांना बसवून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं जातं आणि मग अक्षरशः उतरवून ठेवलं जातं. लुइझियानातल्या टलूला आणि आर्कान्सातल्या फोर्डाइस या गावांतून कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी इथे आली आणि वेस्टसाइड या वस्तीत राहिली. करीमनगर-वारंगळकडून आलेले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर जसे सोलापूरच्या पूर्व भागात वसले, तशीच गोष्ट. मोठ्या हॉटेलांत त्यांना झाडलोटीचं काम मिळायचं, पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता. रात्री तिथल्या रंगमंचावर गाजलेला कृष्णवर्णीय गायकही झोपायला वेस्टसाइडलाच यायचा. ही बंदी उठवण्याचा समझोता 1960 मध्ये मूलां रूज या हॉटेलात झाला. ते हॉटेल 2003 च्या आगीत बहुतेक जळालं. तिथल्या दिवसांबद्दल लोकांनी सांगितलेलं मात्र ग्रंथालयात ऐकायला मिळतं.

मला त्याहून पटली ती त्यांची दुसरी गोष्ट. वेगासच्या उत्तरेला अणुचाचण्यांचं मैदान आहे. 1951 ते 1962 मध्ये तिथे उघड्या हवेत शंभर स्फोट झाले. त्या मैदानाच्या मौखिक इतिहासात शास्त्रज्ञ आहेत, खाणकामगार आहेत, किरणोत्सर्गाने आजारी पडल्याचं सांगणारे आहेत आणि फाटकाबाहेर निदर्शनं करून अटक झालेलेही आहेत. खरं कोण हे आधी ठरवून मग ध्वनिमुद्रण, असं कोणी केलं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गिरण्या मालकांनी बुडवल्या, की युनियनने, की सरकारी धोरणाने, यावर आधी हमरीतुमरी, आणि तोवर सांगणारे एकेक करून निघून जातात. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं, म्हणजे लष्करी अंमलाचं पाहा. चार हुतात्म्यांची नावं, 12 जानेवारी 1931 ही फाशीची तारीख पोरांना पाठ असते. त्या मे महिन्यात लष्कर गल्लीत शिरलं तेव्हा घराघरांत काय चाललं होतं, हे सांगू शकणारं माणूस आता कुठून आणायचं?

गेल्या दिवाळीत मी आमच्या शेजारच्या काकांना फोनवर बोलतं केलं. त्यांची उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात गेली. सुरुवातीला "आमचं काय सांगायचं, मस्टर बघ की" असं म्हणाले. मग स्वतःच हसले, "मस्टरात काय असतंय, हजर का गैरहजर एवढंच की." नंतर धोट्यावर, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीवर आले. आतली धाग्याची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं. म्हणून त्यांच्या वडलांच्या काळी साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत, हे त्यांनी अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मुंबईच्या गिरण्यांत हे चालायचं आणि डॉ. आंबेडकरांनी त्यावर बोट ठेवलं होतं, हे मी वाचलं होतं. पण आमच्याच बोळातून ऐकल्यावर घशात काहीतरी अडकलं. गिरणीच्या संग्रहालयात तो धोटा काचेआड नक्की ठेवतील. तोंड लावण्याची गोष्ट खालच्या पाटीवर लिहितील का, याची मला शंका आहे.

वेगासच्या विद्यापीठाकडे पैसा आहे, हे मान्य. पण इथे खर्च म्हणाल तर मुख्यतः वेळेचा आहे. सोलापूरला 2004 पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, तेही एकाच जिल्ह्यापुरतं. इतिहासाच्या, भाषांच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. शिस्त मात्र हवी: बोलणाऱ्याची लेखी परवानगी, उतरवलेला मजकूर त्याला वाचून दाखवणं, नको असलेला भाग झाकायचा त्याचा हक्क, आणि दोन ठिकाणी प्रती. सोबत घरातले कागदही मागावेत. प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, गेटपास, संपाची पत्रकं, बिडी कामगारांची ओळखपत्रं हे सगळं दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं.

सुरुवात कुठून, असं मला कोणी विचारलं तर मी गिरणी सोडून सोलापूरजवळच्या कुंभारी गावाच्या वाटेला लागेन. 2006 मध्ये तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. त्या घरांसाठी काढलेले मोर्चे, दिवसाला हजार बिड्या वळताना आखडलेली बोटं, कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांवरून झालेली भांडणं, हे सगळं अजून त्यांच्या तोंडून ऐकता येतं. फक्त जाताना तेलुगू बोलणारी मुलगी बरोबर न्यावी. मराठीत विचारलं की त्या "बरं चाललंय" म्हणतात आणि चहा पुढे करतात.