पंप बदलला, रॅक बदलला, पण टॉर्च मारून बघितलं कोणी?

30,500 रुपये. गेल्या अडीच महिन्यांत माझ्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगवर गेले. आणि खरा बिघाड निघाला 390 रुपयांचा. कडक होऊन तडकलेला एक रबरी पाइप, साडेतीनशेला, आणि दोन क्लिपा, वीस-वीसच्या. कालपासून डोकं नुसतं भणभणतंय.

गाडी 2009 ची, डिझेल, 1 लाख 40 हजार किलोमीटर पळालेली. इंजिन आजही पहिल्या सेल्फला उठतं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग जड लागायला लागलं. वळवलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज. पाच-दहा मिनिटं चालली की जरा हलकं व्हायचं. पार्किंगमध्ये मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. ही एवढी लक्षणं मी गॅरेजवाल्याला नीट, क्रमाने सांगितली. थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी, वळवताना आवाज. त्याने बॉनेट उघडलं, बेल्टवर एकदा बोट दाबलं आणि म्हणाला, "पंप गेला साहेब."

बस्स. निदान संपलं.

पंप 9,200, लेबर 1,200, ऑइल 600. अकरा हजार दिले. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी तोच आवाज, तेच जड स्टिअरिंग. परत गेलो. आता तोच माणूस म्हणतो, "मग रॅक असणार. पंपावर लोड येतोय." रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग. आठवड्यापूर्वी पंप गेला होता ना? मग तो गेला नव्हता का? याचं उत्तर नाही. "जुनी गाडी आहे साहेब, एकामागून एक निघणारच."

हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. जुनी गाडी हा रोग नाही हो! जुन्या गाडीत काय बिघडलंय ते शोधायचं असतं, त्याचेच तर पैसे देतो आम्ही. ताप आलेल्या म्हाताऱ्या माणसाला "वय झालं" म्हणून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

मी चिडून दुसरं गॅरेज गाठलं. तिथला बोर्ड मोठा, फरशी चकचकीत, इस्टिमेट छापील. त्यांनीही रॅकच सांगितला. दोघे जण एकच सांगतायत म्हणजे खरं असेल, असं वाटलं. रॅक रिकंडिशन 16,500, लेबर 2,500, अलाइनमेंट 500. गाडी सहा दिवस तिथे अडकली. त्याच आठवड्यात आईला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तिला एसटीने न्यावं लागलं. गाडी आली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज.

मग बाबा गाडी घेऊन पुण्याला गेले, मला न सांगता. येताना खंबाटकी चढताना एका वळणावर स्टिअरिंग मध्येच जड झालं. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. मागे लोड भरलेला ट्रक. त्यांनी दात-ओठ खाऊन गाडी वळवली, पुढे कडेला घेतली आणि मला फोन केला. त्यांचा आवाज थरथरत होता. त्या फोननंतर माझ्यासाठी हा पैशांचा विषय राहिला नाही.

छापील इस्टिमेटवाल्यांना फोन केला तर म्हणाले, आता स्टिअरिंग कॉलम बघावा लागेल, नाहीतर गाडी काढून टाका, भाव येतोय तोवर. फोन ठेवला आणि रविवारी स्वतः बॉनेट उघडलं.

मी मेकॅनिक नाही. बँकेत काम करतो. पण दोन रात्री बसून वाचलं की हे यंत्र चालतं कसं. बेल्टवर फिरणारा पंप ऑइल दाबाने रॅककडे ढकलतो आणि तो दाब आपल्या हाताचा जोर वाचवतो. पंपातून रॅककडे जाणारा पाइप प्रचंड दाबाचा. पण ऑइलच्या डब्यातून पंपाकडे येणारा पाइप दाबाचा नसतो, ओढीचा असतो. उसाच्या रसाच्या नळीला वर कुठे चीर गेली तर काय होतं? रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. इथेही तेच. म्हणूनच खाली जमिनीवर तेलाचा थेंब नाही, आणि "लीकेज कुठेच नाही" असं दोन्ही गॅरेजवाले छातीठोकपणे सांगत होते. थंडीत रबर आकसतं, ऑइल घट्ट होतं, पंपाला जास्त ओढावं लागतं, हवा जास्त शिरते. गरम झालं की त्रास कमी. मी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं त्यातच उत्तर होतं!

बायकोला सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं, डब्याचं झाकण काढून आत टॉर्च मारला. तिला म्हटलं, हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरव, टोकाला नेऊन धरून ठेवू नकोस. लाल ऑइल दिसायला हवं होतं. दिसला गुलाबी फेस. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा, बारीक बुडबुड्यांनी भरलेला. इंजिन बंद करायला सांगितलं आणि डोळ्यांदेखत डब्यातली पातळी बोटभर वर चढली. नुसतं ऑइल असतं तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे पातळी फारशी हललीच नसती. आत अडकलेली हवा दाब गेल्यावर फुगते, म्हणून पातळी वर येते. दोन मिनिटांची तपासणी. ना स्कॅनर लागतो, ना लिफ्ट.

मग डब्याखालचा पाइप हाताने चाचपला. वरून ठीक दिसत होता. खालच्या टोकाला, क्लिपच्या अगदी लगत, बोटाच्या नखाला चीर लागली. पाइप दाबून वाकवला तर लाकडासारखा कडक. सांध्यावर बोटाने ग्रीस थापलं आणि इंजिन चालू केलं. आवाज निम्म्याने कमी झाला. मी तिथेच मडगार्डला टेकून उभा राहिलो. हसावं की रडावं कळेना.

नवा पाइप टाकला. पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, मधे मधे ऑइल भरत राहिलो, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग इंजिन चालू. स्टिअरिंग लोण्यासारखं. काल बाबांनी स्वतः चालवून बघितली.

आता सांगा, पंप काढताना याच पाइपची क्लिप सोडावी लागते ना? म्हणजे पंप बदलणाऱ्याच्या हातात तो तडकलेला पाइप होता. त्याने तोच पाइप नव्या पंपाला परत खोचला! रॅकवाल्यांनी सगळं ऑइल काढलं, नवं भरलं, त्यांनीही डब्यात डोकावून बघितलं नाही. फेस दिसला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. बघितलंच नाही. कारण शोधण्याचे पैसे कोणी लावत नाही, पार्ट बसवण्याचे लावतात. अरे, लावा ना पैसे! तपासणीचे पाचशे म्हणा, हजार म्हणा, मी आनंदाने दिले असते. पण अंदाजाने पार्ट बदलत जायचे आणि प्रत्येक चुकीच्या अंदाजाचं बिल गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं, हा कुठला न्याय?

आज पहिल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. तडकलेला पाइप त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "हे वरून दिसत नाही साहेब." मी माझा जुना पंप मागितला. कंपनीतून बसून आलेला, धडधाकट पंप. म्हणाला, भंगारात गेला. त्याच्या जागी जो नवा बसवलाय तो दोन महिने फेस पीत फिरलाय, आणि आज सकाळी थंड इंजिनवर कान देऊन ऐकलं तर त्यातून बारीक घरघर येतेय. पाइप बदलल्यावरही.