‘घरात एकच भाषा बोला’ म्हणे!

‘मेंदूची रहस्ये’ नावाचा फॉरवर्ड नाशिकभर फिरत फिरत आमच्या वहिनींपर्यंत पोचला आणि आईला नातवाशी अहिराणी बोलायची बंदी झाली. आई सटाण्याची. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ती आता नातवाशी हातवारे करते. म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो, आपण मेंदू फक्त १० टक्के वापरतो. मग पक्षाघातात मेंदूचा छोटासा भाग गेला तरी माणसाची वाचा कशी जाते? शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव २० टक्के ऊर्जा खातो, ती काय बसून?

‘उजवा मेंदू जागवा, पान एकदा पाहून पाठ होईल.’ भाषेचं काम बहुतेकांत डाव्या बाजूला जास्त चालतं, एवढं खरं. पुढचं सगळं ‘मेंदू जागवायचे’ क्लास चालवणाऱ्यांचं. त्यांच्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी पोरं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात. कार्ड कपाळासमोर धरा, विद्या संपली.

आता मुख्य मुद्दा. ‘पाच वर्षांपर्यंत घरात एकच भाषा, तीही इंग्रजी, दोन भाषांनी मेंदू गोंधळतो, मूल उशिरा बोलतं.’ आमचा पुतण्या अडीच वर्षांचा. आजीला विचारायचा, ‘मनी टोपी कोठे शे?’ आणि लगेच आईकडे वळून, ‘माझी कॅप कुठंय?’ गोंधळ नक्की कोणाचा झालाय? कधी दोन्ही भाषा मिसळतो, पण ते तर आपणही दिवसभर करतो. हां, दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी भरतात, हे मान्य. दोन्हींचे मिळून मोजा की!

तेव्हा हैदराबादला असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, निरक्षरांतही. अभ्यास म्हाताऱ्यांचा आहे, पोरांचा नाही, ठाऊक आहे. पण जन्मभर दोन भाषा वागवून त्यांच्या मेंदूचं वाटोळं झालं, असं तरी त्यात दिसत नाही.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर आधी त्याचे कान तपासायचे असतात. ‘दोन भाषांमुळे होतंय’ म्हणत घरचे महिनोन्‌महिने वाट बघतात, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी तेच महिने मोलाचे असतात. बेरा नावाची ऐकण्याची तपासणी झोपलेल्या बाळाचीसुद्धा होते. एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये तिचं नावही नाही.